सोबत्याच्या दिवसाची हजेरी कोण लावणार?

कॅन्सरच्या दवाखान्यात माणसे जोडीने येतात. एकाचा केसपेपर निघतो, वजन होते, रक्त घेतले जाते, नंबर लागतो. दुसरा पिशवी घेऊन बाकावर बसतो. पिशवीत फाईल, रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स, भाकरी, पाण्याची बाटली आणि वाटेत उलटी झाली तर असू दे म्हणून दोन रिकाम्या कॅरीबॅग. या दुसऱ्या माणसाची दिवसभरात कुठेही नोंद होत नाही. फार तर संमतिपत्रावर 'नातेवाईक' या शब्दापुढे त्याची सही किंवा अंगठा लागतो. हा लेख त्या दुसऱ्या माणसाबद्दल आहे.

लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. आम्ही नवरा-बायको तासगाव तालुक्यातल्या एका गावात, बौद्धवस्तीत राहतो. आमच्यातली ती आजारी पडली आणि आमच्यातला तो सोबती झाला. म्हणून आम्ही 'आम्ही' म्हणतो तेव्हा दोघेही बोलत आहोत असे समजावे. चळवळीत आम्ही पंधरा-वीस वर्षे आहोत. मोर्चे, जयंत्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, अत्याचाराच्या केसेस, सगळे केले. आजारपण मात्र आम्ही कधी चळवळीचा विषय मानला नाही. ते ज्याच्या त्याच्या घरचे दुखणे, आपण फार तर भेटून यायचे, अशीच आमची समजूत होती. ही समजूत चुकीची होती, हे सांगण्यासाठी हे लिहीत आहोत.

गाठ हाताला लागली ती द्राक्षाच्या हंगामात. बागेत माल उतरवायचे काम चालू होते. बाईला तीनशे आणि गड्याला पाचशे रुपये हजेरी होती. तिने गाठीचे कुणाला सांगितले नाही. कारण सांगितले की मिरजेला जावे लागणार. एकटीला मिरजेला धाडायची आपल्याकडे रीत नाही, आणि खरे तर तिला स्वतःलाही एकटीला जायचे धाडस नव्हते. म्हणजे तपासणीच्या एका दिवसाला आठशे रुपयांची हजेरी बुडणार, वर भाडे आणि डॉक्टरची फी. "पाडवा झाला की दाखवू," असे तिने मनाशी ठरवले. पाडवा गेला, मग खरड छाटणी आली. दाखवायला गेलो तेव्हा जून उजाडला होता आणि गाठ काखेपर्यंत पोचली होती.

ग्रामीण बायका उशिरा येतात, त्यांच्यात जागृती नाही, असे डॉक्टर मंडळी भाषणात सांगतात. जागृती होती हो. तिला गाठ म्हणजे काय असू शकते हे चांगले माहीत होते, भावकीतल्या एका चुलतीला तेच झाले होते. तिच्याजवळ नव्हते ते दोन माणसांचे रिकामे दिवस.

पुढचे वर्ष असे गेले. आधी सुईची तपासणी, तुकड्याची तपासणी, फोटो, स्कॅन. रोगाचे नाव कागदावर पक्के होईपर्यंतचा खर्च बहुतेक खिशातून झाला, त्यात दोन शेळ्या गेल्या. मग दर एकवीस दिवसांनी केमो, अशा आठ. मग ऑपरेशन. मग शेक, म्हणजे रेडिएशन, आठवड्यातले पाच दिवस असे तीन आठवडे. केमोच्या दिवशी पहाटे चारला उठायचे, चूल पेटवायची, म्हशीचे बघायचे, पहिली एसटी धरायची, सांगलीला उतरून मिरजेची गाडी पकडायची. रक्त द्यायचे आणि रिपोर्टची वाट बघायची. कधी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी कमी निघायच्या. मग डॉक्टर सांगायचे, आज केमो नाही, पाच दिवसांनी या. तो दिवस गेला तो गेलाच. पेशी वाढवायचे इंजेक्शन बर्फात घालून आणायचे. गावी आमच्याकडे फ्रिज नाही. ते वस्तीतल्या एका मास्तरांच्या घरी ठेवायचे आणि वीज गेली की त्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे. केमोनंतर ताप भरला तर रात्री-अपरात्री निघायचे, सकाळची वाट बघायची नाही, हे बजावून सांगितलेले. रात्री अकराला आमच्या गावातून निघायचे म्हणजे गाडीवाल्याच्या हातापाया पडायचे आणि तो म्हणेल तो आकडा द्यायचा.

या काळात तिची मजुरी पूर्ण थांबली आणि त्याची निम्म्यावर आली. गटाचा हप्ता मात्र दर आठवड्याला दारात उभा. वसुलीला येणारा पोरगा वाईट नव्हता, आपल्यातलाच होता. पण त्याच्या मशीनमध्ये 'केमो' नावाचे बटण नव्हते.

सरकारने काहीच दिले नाही असे आम्ही म्हणणार नाही, ते खोटे ठरेल. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन, केमो आणि शेक झाले. ती योजना नसती तर आज हा लेख दोघांनी लिहिला नसता. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१७ पासून तिला जोतिरावांचे नाव आहे. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती आता पाच लाख आहे. तिचे माहेर सातारा जिल्ह्यातले, खटाव तालुक्यातले; फुल्यांचे मूळ गाव कटगुण तिथून लांब नाही. लहानपणी शाळेची सहल कटगुणला गेलेली तिला आठवते. आरोग्यमित्राच्या खिडकीवर जोतिरावांचे नाव वाचून धीर आला, हेही खरे.

पण ही योजना रोगाशी बोलते, घराशी बोलत नाही. पैसा दवाखान्याच्या खात्यावर जातो. दवाखान्यात भरती असलेल्या रुग्णाला जेवण आहे. घरी परतायचे एका वेळचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे पॅकेजमध्ये धरलेले आहे, तेही फक्त रुग्णाचे. बाकावर बसलेल्याने काय खायचे, तो कशाने आला, आज त्याची हजेरी बुडाली त्याचे काय, याला त्या कागदावर जागाच नाही. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, म्हणून तिचे भागले. त्याचे पूर्ण लागले.

आणि सरकारला सोबती ठाऊकच नाही असेही नाही. रेल्वेला तो ठाऊक आहे. उपचाराला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरमध्ये पूर्ण सवलत मिळते आणि त्याच्याबरोबरच्या एका माणसाला ७५ टक्के. म्हणजे कुणीतरी कधीतरी नियम लिहिताना मान्य केले आहे की हा रोग एकट्याने प्रवास करत नाही. गाडगेबाबांनाही ते कळले होते. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा टाटा हॉस्पिटलच्या रुग्णांबरोबर त्यांच्या सोबत्यांनाही आसरा देते. वर्गात न बसलेल्या माणसाला जे उमगले ते मंत्रालयात का उमगू नये?

आता एका आकड्याची गंमत सांगतो. ही गंमत अर्ज भरता भरता आम्हाला सापडली.

संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचा रुग्ण बसतो. महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत पाहिजे. भागून बघा, दिवसाला अठ्ठावन्न रुपयेही होत नाहीत. अख्ख्या घराचे. एवढ्यावर जगणारे घर तासगावात तर सोडाच, जत-आटपाडीच्या दुष्काळी टापूतही शोधून काढावे लागेल. म्हणजे मदत हवी असेल तर तलाठ्यासमोर खोटे बोला, आणि खोटे बोलायचे नसेल तर घरी बसा.

दुसरीकडे कामगार राज्य विमा, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. तिथेही मर्यादा २१ हजारांचीच आहे, पण महिन्याची! त्या कायद्याखाली येणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला कॅन्सर झाला तर उपचार तर होतातच, शिवाय ठरलेल्या अटी पूर्ण केल्या असतील तर मजुरीच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत रोख मिळू शकते. आकडा तोच. कारखान्याच्या गेटच्या आत तो महिन्याचा आणि द्राक्षाच्या मांडवाखाली तो वर्षाचा.

या कायद्याची पायाभरणी कुणाच्या काळात झाली? बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते, १९४२ ते १९४६. अडारकरांचा कामगार आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ चा, आणि कायदा झाला १९४८ ला. आजारी पडलेल्या मजुराला औषध दिले तरी त्याची चूल बंद पडता कामा नये, हा विचार तेव्हाचा आहे. पंच्याहत्तर वर्षे उलटली, तो शेतमजुरापर्यंत आला नाही. आपण दरवर्षी बाबासाहेबांच्या कामगार धोरणावर व्याख्याने ठेवतो. बांधावरचे हे अर्धे राहिलेले काम एकाही व्याख्यात्याच्या तोंडून आम्ही ऐकले नाही. आम्हीही कधी बोललो नव्हतो, हे कबूल करतो.

यावर कुणी म्हणेल, रुग्णाचे एक वेळ समजू शकतो, पण सोबत्याला मजुरी? बायकोजवळ बसायचे पैसे? हे जरा अतीच झाले.

त्यांना आमच्याच तालुक्यातले उदाहरण देतो. रोजगार हमीचे जनक वि. स. पागे. या कल्पनेचा पहिला छोटा प्रयोग तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात झाला. पुढे १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली आणि १९७७ ला तिचा कायदा झाला. पैसा कुठून आणला? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून. मागेल त्याला काम, हे ऐकून तेव्हाही अनेकांनी अतीच म्हटले होते. पुढे २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात एक तरतूद आली: कामाच्या जागी पाच किंवा अधिक लहान मुले असतील तर मजूर बायकांपैकी एकीला मुले सांभाळायला बसवावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. तिने खडी फोडली नाही, माती उचलली नाही, पोरे सांभाळली. आणि तिची हजेरी लागली. सांभाळणे हे काम आहे, हे कायद्याने एकदा मान्य केले आहे. मग केमोच्या खुर्चीजवळ आठ तास उभा असलेल्या माणसाचा दिवस हजेरीपटावर का चढू नये? दवाखान्याचा शिक्का आहे, केमोची तारीख आहे, खोटे करायला जागाही कमी. केरळात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्यासाठी 'आश्वासकिरणम्' नावाची योजना आहे, महिना सहाशे रुपयांची. रक्कम तुटपुंजी आहे, पण त्या सहाशेत सरकार काळजी घेणाऱ्याला ओळखते. आपल्याकडे ती ओळखही नाही.

इथवर सरकारशी भांडलो. आता थोडे आपल्या घरात.

पहिल्या दोन केमो झाल्या आणि केस गळायला लागले. सकाळी उशीवर झुपके पडायचे. शेवटी एका रविवारी त्याने कात्री आणि रेझर घेतले आणि परड्यात बसवून तिचे डोके भादरले. गावात न्हावी आहे, आता तो आपल्याला नाही म्हणत नाही, पण तिला बाहेर जायचे नव्हते. भादरताना तिला बाबासाहेबांच्या लहानपणाची गोष्ट आठवली. साताऱ्यात पैसे देऊनही न्हावी मिळत नसे, म्हणून थोरली बहीण भावांचे केस कापी आणि कापून कापून त्यात तरबेज झाली होती. त्याच साताऱ्यात त्यांची आई भीमाबाई वारल्या, तिथे त्यांची समाधी आहे. आम्ही दोघे त्या दिवशी त्या बहिणीबद्दल बराच वेळ बोललो. एरवी जयंतीच्या भाषणात ती एका वाक्यात येते आणि जाते.

डोक्याला फडके बांधून ती दारात बसायला लागली आणि आम्हाला एक अनुभव आला, जो लिहावा की नाही यावर आमच्यात वाद झाला. एका जवळच्या नातलगाच्या घरी तिला चहा वेगळ्या कपातून दिला गेला. चहा झाल्यावर तो कप खिडकीत वेगळा ठेवला. आमच्या वस्तीत, आमच्या माणसांनी. ज्या घरातल्या म्हाताऱ्याने हॉटेलातल्या वेगळ्या कपासाठी मार खाल्ला, त्या घरात. द्वेष नव्हता, भीती होती. रोग लागेल अशी. कॅन्सर लागत नाही. उलट केमो घेतलेल्या माणसालाच आपला सर्दी-खोकला लागू नये म्हणून आपण जपायचे असते. एवढी साधी गोष्ट सांगणारे पत्रक आपल्या एकाही शाखेने छापले नाही. तिने तो कप स्वतः विसळला, इतर कपांत ठेवला आणि म्हणाली, "आक्का, हा कप इथंच असू द्या." आक्का रडल्या. तेवढ्यावर विषय मिटला.

देवऋषाचेही झाले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात "एकदा नुसतं बघून तर या" असा आग्रह झाला, तोही सुशिक्षितांकडून. साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांनी आयुष्य घातले तो जिल्हा तिचा, म्हणून ती ऐकली नाही. पण घाबरलेल्या माणसाला नुसते अंधश्रद्धाळू म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. दवाखान्यात पाच मिनिटे बसून समजावणारे कुणी भेटत नाही, देवऋषी तासभर बसवून ऐकून घेतो. ती पाच मिनिटे आपले शिकलेले पोरगे देऊ शकते.

आता बायका-पुरुषांचे. त्याने त्या वर्षात भाकरी थापायला शिकली, लुगडी धुतली, पोरांचे डबे केले. गावभर कौतुक झाले. "असा नवरा मिळायला भाग्य लागतं," असे येणारी प्रत्येक बाई तिला सांगून जायची. आमच्या घरापासून चार घरे सोडून एका भावाला गुटख्याने तोंडाचा कॅन्सर झाला (२०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, आणि तो प्रत्येक टपरीवर मिळतो). त्याच्या बायकोने सव्वा वर्ष त्याचे सगळे केले, नळीने भरवले, जखम धुतली आणि मधल्या वेळेत मजुरीलाही गेली. तिचे कौतुक केलेले आम्ही एकदाही ऐकले नाही. तिला ते लागूच होते ना! वडाला सूत गुंडाळायचे आपण सोडले, पण नवऱ्याला मरणाच्या दारातून ओढून आणायची जबाबदारी बायकोची, हा त्या गोष्टीतला माल आपण घरात तसाच ठेवला आहे.

बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, त्याची दासी होऊ नये. मैत्रीत पाळी असते. आज तू, उद्या मी. जोतिरावांना १८८८ साली अर्धांगवायू झाला, तेव्हापासून १८९० ला ते जाईपर्यंत सावित्रीबाई जवळ होत्या. जोतिरावांनी डाव्या हाताने लिहायला घेतले त्या दिवसांतले घर कसे चालत होते, पैसा कुठून येत होता, यावर आपण किती बोलतो? आणि माईसाहेब. डॉ. सविता आंबेडकर स्वतः डॉक्टर. १९४८ ते १९५६ त्यांनी बाबासाहेबांची पथ्ये, इंजेक्शने, रात्रीची दुखणी सांभाळली. बदल्यात आपल्या चळवळीने त्यांना संशय दिला आणि पुढची कितीतरी वर्षे एकटे पाडले. ज्यांनी त्यांच्यावर बोट ठेवले त्यांच्यातल्या किती जणांनी कधी आजारी माणसाचे अंथरूण बदलले असेल, असा प्रश्न आता आम्हाला पडतो. वर्षभर दवाखान्यात काढल्याशिवाय तो पडला नसता, हेही सांगितले पाहिजे.

तरुण मित्रांनो, आमचे मागणे मोठे नाही. तुमच्या गावात आज केमोला जाणारे एक तरी घर असेल. त्या घरी सफरचंदे घेऊन जाऊ नका, एक तारीख मागून घ्या. "ताई, पुढच्या केमोला मी येतो, दादांना त्या दिवशी कामावर जाऊ द्या," एवढे म्हणा. योजनेचे कागद आधी लावून ठेवा, रेशनकार्डावरच्या नावातली चूक आजारपणाआधीच दुरुस्त करून घ्या, आमचे चार दिवस एका वेलांटीपायी गेले. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा आणि रात्रीच्या गाडीचा फंड ठेवा. आणि ग्रामपंचायतीला विचारा. तिच्या स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. ते दरवर्षी कशावर जातात ते वाचा. आमच्याकडे गेली काही वर्षे समाजमंदिराच्या रंगावर आणि खुर्च्यांवर जात होते.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही दोघांनी ठराव मांडला: कॅन्सर, डायलिसिस अशा उपचाराला जाणाऱ्या रुग्णाच्या सोबत्याला प्रवासभाडे या निधीतून मिळावे, आणि सोबतीचा दिवस रोजगार हमीत धरावा अशी शिफारस शासनाला करावी. सूचक ती, अनुमोदक तो. अर्धा तास गोंधळ झाला. "उद्या प्रत्येक जण तापाचं कारण सांगंल," एक जण म्हणाला. चार घरे सोडून राहणारी ती बहीण उठली आणि तिने सव्वा वर्षात बुडालेल्या आपल्या हजेऱ्या बोटांवर मोजून सांगितल्या. मग कुणी बोलले नाही. ग्रामसेवकांनी विचारले, "हे कोणत्या शीर्षकाखाली लिहू?" त्यांच्याकडे तसे शीर्षक नव्हते. शेवटी 'आयत्या वेळचे विषय' या रकान्यात ठराव लिहिला गेला आणि मंजूर झाला. त्याची प्रत आम्ही पंचायत समितीला दिली आहे, पोच आमच्याकडे आहे. ज्यांना आपल्या गावात हा ठराव मांडायचा आहे त्यांनी मजकूर मागून घ्यावा. पुढच्या ग्रामसभेआधी तो हातात पाहिजे.